गंगापूरच्या बॅकवॉटरवर यॉट काढताना: जेट्टी सोडण्याआधीचा तास

"धरणातच तर फिरायचंय, समुद्रात थोडंच जायचंय!" नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर हे वाक्य हमखास कानावर पडतं. माझं मत नेमकं उलटं आहे. समुद्रात अडचण आली तर व्हीएचएफ म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या 16 नंबर चॅनलवर हाक मारता येते, तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आहे, आसपास मच्छीमारांच्या बोटी असतात. इथे आडवारी सकाळी बॅकवॉटरच्या आतल्या बाजूला इंजिन बंद पडलं, तर काठावर शेळ्या चारणाऱ्या माणसाशिवाय कुणी दिसत नाही आणि मोबाइलची रेंजही धड नसते. त्यामुळे तयारी कमी नाही, जास्तच हवी.

डिसेंबरात घरची सगळी मंडळी दाजींच्या यॉटवरून गेलो होतो. छोटी केबिन असलेली 26 फुटी मोटार यॉट, पेट्रोलचं इंजिन आतल्या बाजूला. सोबत रायगडकडचे तांडेलकाका, ज्यांची उभी हयात समुद्रावर गेली आहे. गंगापूर रोडने आनंदवली, सोमेश्वर मागे टाकत पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसेपर्यंत निघायचं नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे तयारीला निवांत वेळ मिळाला.

काकांनी कुणालाच बोटीवर चढू दिलं नाही. आधी इंजिनावरचं झाकण उघडलं, गुडघे टेकून खाली वाकले आणि वास घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, तळाशी साचून राहते. स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणून पेट्रोल इंजिनाच्या बोटीत चावी फिरवण्याआधी ब्लोअर, म्हणजे ही वाफ बाहेर ओढणारा पंखा, निदान 4 मिनिटं चालवायचा असतो. काकांनी तो चालवला, बंद केला, पुन्हा वाकून वास घेतला आणि मान हलवली. वास अजून होता.

बॅटरीचा मेन स्विच बंद केला. मग काकांनी फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावरून बोट फिरवत नेलं. पंपाजवळच्या जोडापाशी बोट ओलं झालं. तिथली क्लिप गंजून सैल पडली होती, पेट्रोल थेंबाथेंबाने झिरपत होतं. पाइपाचं टोक वाकवून भेग नाही ना ते बघितलं, नवी क्लिप बसवली, सांडलेलं फडक्याने टिपलं आणि ते फडकं लगेच काठावर नेऊन ठेवलं. झाकण उघडं ठेवून अर्धा तास थांबलो, पुन्हा ब्लोअर, पुन्हा वास. पोरं कंटाळली होती, ताई म्हणाली, "अहो काका, एवढंसंच तर होतं." काका म्हणाले, "एवढंसंच असतं, ताई." त्या सकाळी फक्त मीटर बघून निघालो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

मागून जाणाऱ्यांना यावरून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पेट्रोल भरताना सगळ्यांना खाली उतरवा, केबिनची दारं-खिडक्या लावून घ्या, भरून झाल्यावर सगळं उघडून वारा खेळू द्या. आणि बोटीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर गेला तर शहरात लगेच मिळतो म्हणून कारचा बसवू नका. बोटीसाठी बनवलेल्या भागांत ठिणगी बाहेर पडणार नाही अशी रचना असते, कारच्या भागांत ती नसते. मुंबईहून मागवावा लागला तरी चालेल, चार दिवस बोट उभी राहू द्या.

बाकीची इंजिनाची तपासणी भराभर होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी, कूलंट, आणि बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण सेंटिमीटरभर दबायला हवा. थंडीत बॅटरी ढिली पडते. रात्रभर बंद असलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर 12.6च्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण चार्ज आहे. थंड करण्यासाठी बाहेरचं पाणी ज्या वाटेने आत येतं तिचा वॉल्व्ह उघडा हवा आणि गाळणी साफ हवी. आमच्या गाळणीत हिरवं शेवाळ आणि पुडीच्या प्लास्टिकचा तुकडा निघाला. तो आतच राहिला असता तर मध्यावर इंजिन तापलंच असतं.

बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचंय. गंगापूर धरण म्हणजे नाशिकचं पिण्याचं पाणी. तळाच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल तर ते पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं बटण दाबू नका. आधी सुती फडक्यांनी किंवा तेल शोषणाऱ्या पॅडने तेल टिपून घ्या, मग पाणी बादलीत काढून काठावर न्या. ऑटोमॅटिक पंप असेल तर तो रात्री आपोआप सुरू होतो, म्हणून बोट ठेवतानाच तळ कोरडा असू द्या.

कोकणातून इकडे बोट आणणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवेल. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास हलकं, त्यामुळे बोट किंचित जास्त बुडते. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर. हवा विरळ, इंजिनाची ताकदही थोडी कमी. समुद्रावर आठ माणसं घेऊन सहज पळणारी बोट इथे जड वाटते. माणसं आणि सामान त्या बेताने घ्या.

लाइफ जॅकेट सीटखाली असून उपयोग नाही, ते अंगावर हवं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि हसतखेळत निघालेली माणसं पाण्यात पडली. अशा वेळी जॅकेट शोधायला सवड मिळत नाही. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका. खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलून बघा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाच्या मापाचं नाही. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि तो केबिनच्या दारापासून हाताला येतो ना, हेही बघा. चालकाच्या अंगाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी असेल तर ती नुसती लटकत ठेवू नका.

नांगर निघण्याआधीच मोकळा करून ठेवा. इंजिन बंद पडलं की वाऱ्याने खडकावर जाण्यापासून तोच वाचवतो. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडायचा, म्हणजे 6 मीटर पाण्यात 30 मीटर. वारा असेल तर सातपट.

पाण्याची पातळी त्याच दिवशीची विचारा. जायकवाडीसाठी पाणी सोडलं की इथली पातळी उतरते आणि गेल्या वेळी खोल असलेल्या जागी दगड, झाडांचे बुंधे वर येतात. मच्छीमारांची जाळी ओळखायची तर थर्माकोलचे तुकडे किंवा तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या बघा. दोन बाटल्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. जाळं बोटीखालच्या, तिला पुढे ढकलणाऱ्या पंख्यात अडकलं तर बोटही अडकते आणि एखाद्या घरचा रोजगारही. धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणी उपसण्याच्या जागेच्या जवळपास फिरकू नका. आणि जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय खासगी बोट पाण्यात उतरवूच नका.

इंजिन सुरू झालं की लगेच दोर सोडायचे नाहीत. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघा, ऑइलचा दाब बघा, मग बोट बांधलेली असतानाच क्षणभर पुढचा आणि क्षणभर मागचा गिअर टाका. गिअर लागत नाही हे जेट्टीवरच कळलेलं बरं.

वारा बोटीला जेट्टीवर दाबत असेल तर ढकलाढकली करू नका, त्यात हात चिरडतात. बोटीच्या पुढच्या टोकाचा जेट्टीवर मागे तिरका नेलेला दोर तेवढा ठेवा, पुढच्या टोकाशी फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी उशी, लावा, सुकाणू जेट्टीकडे वळवा आणि अगदी हळू पुढचा गिअर द्या. मागची बाजू आपोआप पाण्याकडे उघडते. मग सुकाणू सरळ करून मागे घ्या आणि दोर सोडा. दोराचं मोकळं टोक पाण्यात राहता कामा नये, पंखा ते ओढून घेतो.

काठावरच्या एका माणसाला लिहून द्या: बोटीवर कोण कोण आहे, कुठल्या बाजूला जाणार, किती वाजता परतणार, आणि त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर 112 ला कळवायचं. आम्ही धाकट्या मामांना हे सांगून गेलो होतो. परतल्यावर पहिला फोन त्यांनाच केला.

इंधनाचा हिशोब सोपा ठेवा, एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. काठावर बोटींसाठी पेट्रोल पंप नाही. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून लांबचा फेरा सकाळी उरका. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं. लाल, हिरवा आणि पांढरा दिवा सकाळीच लावून बघितलेला असला तरी पाचच्या आत जेट्टीला लागा, कारण इथल्या जाळ्यांना दिवे नसतात.