पाणकावळा पंख पसरून का बसतो

कंबर तलावावर (कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, पण सोलापुरात कंबरच म्हणतात) सकाळी चालायला येणारं कोणीतरी विचारतंच, "ते काळं पाखरू पंख पसरून काय करतंय बे, आजारी आहे का?" आजारी-बिजारी काही नाही, पंख वाळवतोय, पाणकावळा आहे तो.

आता पाण्यातच पोट भरणाऱ्याचे पंख भिजावेत म्हणजे गंमतच ना, बदकाच्या पाठीवरून तर पाणी घसरून जातं. पाणकावळ्याला तेलाची ग्रंथीच नसते असं बरेच जण सांगतात पण ते खोटं आहे, ग्रंथी असते, पिसांची रचनाच अशी की बाहेरची कड पाणी धरते आणि अंगालगतचा थर बऱ्यापैकी कोरडा राहतो. त्यामुळे पिसांत हवा कमी अडकते, अंग वर उचललं जात नाही आणि बुडी मारायला जोर कमी लागतो, म्हणजे भिजणं हीच त्याची सोय. पाण्याखाली पंख मिटलेले, सगळं काम पायांचं, चारही बोटं पडद्याने जोडलेली. चोचीच्या टोकाला आकडा. मासा वर आणून, फिरवून, डोक्याकडून गिळतो, नाहीतर काटे घशात अडकतील.

कंबरवर दिसतात ते बहुतेक छोटे पाणकावळे, जेमतेम 50 सेंमीचे. मोठा पाहायचा तर उजनीला जा, 80 ते 100 सेंमी लांब, दोन-तीन किलोचं धूड, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी आणि विणीच्या दिवसांत मांडीवर पांढरा डाग. हाच पक्षी युरोपात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही आहे. चीनमध्ये तर याला पाळून, गळ्याला दोरी बांधून मासे पकडायला लावतात, दोरीमुळे मोठा मासा गिळता येत नाही, तो मालकाचा!

मासेमारी करणारे मात्र याच्यावर खार खाऊन असतात आणि त्यांचंही खरंय, मोठा पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासे खातो, थवाच उतरला तर हिशोब वाढतो. पण उजनीत जाळ्यात येते ती बरीचशी चिलापी, ती मूळची आफ्रिकेची, इथल्या माशांची जागा खाऊन वाढलेली. तिची पिल्लं पाणकावळ्याने मटकावली तर मला तरी काही वाईट वाटत नाही, जाळ्यातली पळवली तर मग भांडण त्या दोघांचं.