काटा आणि काकू

"काय गं, तीन महिने चालतेस, फरक तर काही दिसत नाही!"

आज सकाळी तलावपाळीवर, भर फेरीत, सोसायटीतल्या काकूंनी ऐकवलं. स्वतः बाकावर बसून, बरं का.

खरंय. काट्यावर जेमतेम दीड किलो कमी. पण ठाणे स्टेशनचा जिना आता मध्ये न थांबता चढते. रक्तदाबही उतरलाय. वजन फारसं न हलताही स्नायू साखर चांगली वापरू लागतात, पोटाच्या आतली चरबी कमी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगात.

हे सगळं काकूंना सांगण्याइतका दमही होता. पण फेरी मोडली असती.

46व्या वर्षी बाई चालते ती फक्त बारीक दिसायलाच, असं का वाटतं सगळ्यांना?