कार्डावरची गाडी आणि रस्त्यावरची किंमत

‘कॅन्टीनच्या कार्डावर गाडी काढली की लाखभर रुपये सुटतात’ हे वाक्य गडहिंग्लज-चंदगडपासून शिरोळच्या सैनिक टाकळीपर्यंत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फौजेला माणसे देणाऱ्या आपल्या या सगळ्या पट्ट्यात, सर्रास ऐकू येते. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला आहे आणि कोल्हापूरच्या टेंबलाई टेकडीच्या परिसरातील लष्करी कॅन्टीनच्या रांगेत महिन्याच्या किराण्यासाठी उभा असताना हेच वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. माझा पुतण्या सध्या नाईक या हुद्द्यावर उत्तरेत तैनात असून रजेवर येताना तोही हेच वाक्य डोक्यात घेऊन आला होता. त्याच्याबरोबर बसून जो हिशेब मी मांडला, तो इतर जवानांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे लिहून ठेवत आहे.

कॅन्टीनची गाडी स्वस्त का मिळते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट म्हणजे सीएसडी हा लष्करी कॅन्टीनना माल पुरवणारा विभाग १९४८ साली संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत सुरू झाला. जीएसटी लागू झाल्यापासून या विभागाला, त्याने खरेदी केलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीपैकी निम्मी रक्कम परत मिळते आणि पुढे आपल्याला होणाऱ्या विक्रीवर पुन्हा कर लागत नाही. याचा अर्थ सवलतीचा मोठा भाग करातून येतो, आणि कर जेवढा कमी तेवढी सवलतही कमी.

नेमका येथेच जुना हिशेब आता लागू पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. लहान गाडी म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीची, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाची. करापूर्वीची किंमत ६ लाख रुपये धरली, तर पूर्वी निम्म्या करापोटी ८४ हजार रुपये वाचत असत. आज १८ टक्क्यांप्रमाणे कर १ लाख ८ हजार होतो आणि त्याचा निम्मा भाग ५४ हजार. शोरूममध्ये ७ लाख ८ हजारांना असलेली गाडी कॅन्टीनमधून ६ लाख ५४ हजारांच्या आसपास पडते. विभागाचे स्वतःचे मार्जिन आणि कंपनीने विभागाला दिलेला दर यांमुळे त्यात थोडे इकडेतिकडे होते. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर असल्याने तेथे चित्र वेगळे आहे. १० लाख मूळ किमतीच्या गाडीवर निम्मा कर म्हणजे २ लाख रुपये होतात. विजेच्या गाडीवर मुळात ५ टक्केच कर असल्याने करातली सवलत अडीच टक्क्यांवर थांबते.

मोठ्या गाडीवर जास्त सवलत असली, तरी जवानाला ती घेता येतेच असे नाही. २०१९ च्या जूनपासून नियम कडक झाले. त्या वेळी अधिकाऱ्यांना आठ वर्षांतून एकदा, २५०० सीसीपर्यंतची आणि जीएसटी वगळून १२ लाखांपर्यंतची गाडी ठरवून देण्यात आली; जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी) आणि जवानांना सेवेत असताना एक आणि निवृत्तीनंतर एक, तीही १४०० सीसी आणि ५ लाखांच्या आत. या रकमा पुढे वाढत गेल्या आहेत, त्यामुळे गावातल्या कोणी सांगितलेल्या आकड्यावर न जाता एएफडी या, कॅन्टीनमधून गाडीसारख्या मोठ्या वस्तू घेण्यासाठीच्या, पोर्टलवरील चालू मर्यादा पाहावी. सेवेतली संधी इतकी मोजकी असताना ती गरज नसताना, केवळ सवलत आहे म्हणून खर्ची घालणे मला पटत नाही, आणि चुलत्या-मामांसाठी आपल्या नावावर गाडी काढून देणे तर मुळीच नाही. कार्ड, पॅन, पैसे आणि नोंदणी हे सारे एकाच नावावर असते आणि उद्या अपघाताचा दावा उभा राहिला की तोही त्याच नावावर येतो.

खरी तुलना मात्र बाजाराशी करावी लागते. गुढीपाडवा आणि दसऱ्याला, तसेच डिसेंबरअखेर जुन्या वर्षाचा माल काढताना शोरूमवाले रोख सूट, जुन्या गाडीच्या बदल्यात बोनस, कधी कधी विम्यातही काही देतात. कॅन्टीनच्या व्यवहारात यातले बरेचसे मिळत नाही. लहान गाडीवर ५४ हजारांची सवलत आणि बाजारात ४०-५० हजारांची सूट असे दोन कागद समोर असतील, तर उरलेला फरक किती आठवडे थांबण्याच्या लायकीचा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कॅन्टीनच्या गाडीला वेळ लागतोच. शोरूमकडून उपलब्धतेचा कागद, पोर्टलवर अर्ज, युनिट कॅन्टीनची पडताळणी, थेट विभागाच्या खात्यात पैसे आणि मग त्याच्या डेपोकडून शोरूमला पुरवठ्याचा आदेश, अशी ती वाट आहे. कर्ज असेल तर बँकेचे पैसेही विभागालाच जातात. पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी ज्योतिबाला न्यायचीच असा घरच्यांचा हट्ट असेल, तर हे सारे बरेच आधी सुरू करावे लागते, कारण डेपोला मुहूर्त कळत नाही.

पुतण्यासोबत मी महामार्गालगतच्या एका शोरूममध्ये गेलो तेव्हा समोर आलेला दरपत्रकाचा कागद मला फार बोलका वाटला. वरची ओळ कॅन्टीनच्या किमतीची होती आणि तीत कोणालाच बोट घालता येत नव्हते. खालच्या ओळींत मात्र विमा, नोंदणी, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, सीट कव्हरसह ॲक्सेसरीज, रंगावरचे कोटिंग आणि ‘हँडलिंग’ अशी रांगच होती. वरच्या ओळीत वाचलेल्या रकमेतला चांगला मोठा वाटा खाली परत गेला होता.

“साहेब, कॅन्टीनच्या गाडीत आम्हाला काही सुटत नाही, म्हणून विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो,” असे तेथील तरुण विक्रेत्याने अगदी नम्रपणे सांगितले.

पुतण्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “काका, हे जरा जास्तच हाय की.”

ते जास्तच होते. विमा कोणत्याही कंपनीकडून घेण्याची मुभा ग्राहकाला असते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला असल्याने त्यात घासाघीस नसते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीगणिक बराच बदलतो. बाहेरून आणलेला एकच कोटेशनचा कागद टेबलावर ठेवला की शोरूमचा आकडा खाली येतो, असा माझा अनुभव आहे. कॅन्टीनच्या गाडीबाबत आणखी एक बारीक गोष्ट विचारून घ्यावी. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा संरक्षण बिलाच्या रकमेवर चालते आणि आपले बिल मुळातच कमी असते, त्यामुळे गाडी चोरीला गेल्यास नेमके किती मिळेल, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. हँडलिंगची ओळ कोणत्या सेवेसाठी आहे, असे आम्ही विचारले तेव्हा विक्रेत्याने आत जाऊन साहेबांशी बोलणे केले आणि ती ओळ काढून टाकली. नोंदणीच्या वेळचा वाहन कर (रोड टॅक्स) कोणत्या किमतीवर आकारला जाणार, कॅन्टीनच्या बिलावर की शोरूमच्या, हेही पैसे भरण्यापूर्वी विचारावे, कारण महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर बसतो आणि ५४ हजारांवरचे ११ टक्के म्हणजे जवळपास ६ हजार रुपये होतात.

नोंदणीपूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. गाडी या महिन्यातली म्हणून दाखवली जात असेल आणि चारही टायर गेल्या वर्षाच्या पूर्वार्धातले निघाले, तर उत्पादनाचा महिना कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॅन्टीनच्या ग्राहकाला यार्डात पडून राहिलेली गाडी देण्याचा मोह काही विक्रेत्यांना होतो, कारण हा ग्राहक पैसे आधीच भरून बसलेला असतो.

सेवेतल्या जवानासाठी एमएच-०९ चा आग्रह धरावा का, यावर आमच्या घरी बराच वाद झाला. पुतण्याच्या वडिलांना कोल्हापूरचा क्रमांक हवा होता. परंतु गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि मग येथून ना-हरकत, तेथे कर, येथून कराच्या परताव्याचा अर्ज असा खेळ दर बदलीला सुरू होतो. सप्टेंबर २०२१ पासून असलेली बीएच म्हणजे ‘भारत’ ही क्रमांकांची मालिका, जिच्यात राज्य बदलले तरी नव्याने नोंदणी लागत नाही, सैन्यदलातील व्यक्तींना ओळखपत्रावर मिळते. तिच्यात कर जीएसटी वगळलेल्या किमतीवर आकारतात आणि तो दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरता येतो, त्यामुळे सुरुवातीलाच मोठी रक्कम अडकत नाही. मुदत चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड असल्याने तारीख मात्र लक्षात ठेवावी लागते. गाडी गावीच आई-वडिलांकडे राहणार असेल तर एमएच-०९ बरा. युनिटबरोबर फिरणार असेल तर बीएच. पुतण्याची गाडी त्याच्याबरोबर जाणार असल्याने त्याने बीएच घेतला, आणि त्याच्या वडिलांनी नंबरप्लेटच्या वर काचेवर ‘कोल्हापूर’ असे ठळक अक्षरांत लिहून घेतले.