टक्के राहू द्या, चुका उघडून बघा: कोलिब्रीवर प्रत्येक मुलाची नोंद

नेट नसलेल्या शाळेत कोणतं मूल कुठवर आलंय हे संगणकावरूनच कळायला हवं असेल, तर कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं मोफत शिक्षण-सॉफ्टवेअर बरं पडतं. एक संगणक किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) सर्व्हर करायचा, म्हणजे कोलिब्री त्यावर ठेवायचं. बाकीच्या संगणकांवर ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि पोर्ट ८०८० टाकायचं. इथवर सोपं आहे. घोळ सुरू होतो खाती काढताना.

युजरनेममध्ये हजेरी क्रमांक घालू नका. जूनमध्ये हजेरी बदलते आणि मग ते खातं कोणाचं, हे शोधत बसावं लागतं. जनरल रजिस्टरचा नंबर घ्या, तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. मूल पुढच्या इयत्तेत गेलं की खातं फक्त नव्या वर्गात हलवायचं. डिलीट केलंत तर जुन्या नोंदीही गेल्या.

एका संगणकावर दोघं बसली की लॉगिन एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, असं होतं. १५-१५ मिनिटांची पाळी लावा आणि पाळी बदलताना साइन आउट झालंय का, ते स्वतः बघा. नाहीतर पुढच्याच्या चुका मागच्याच्या नावावर चढतात.

आता रिपोर्ट. व्हिडिओ 'पूर्ण' म्हणजे तो चालला, एवढंच; मूल खिडकीबाहेर बघत असलं तरी पूर्ण. सरावसंचाचं तसं नाही. त्याला अट असते, उदाहरणार्थ शेवटच्या ७ पैकी ५ बरोबर. ती संचागणिक वेगळी असते. पहिल्या प्रयत्नात चुकलं किंवा हिंट घेतली, तर तो प्रश्न बरोबर धरत नाहीत. म्हणून 'सुरू आहे' अशी दोन मुलं दिसली तरी दोघांचं दुखणं एक नसतं. कोच (कोलिब्रीत शिक्षकाचं खातं) म्हणून लॉगिन करा, मुलाच्या नावावर जा, तो सराव उघडा. प्रत्येक प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं ते दिसतं. एकानं चारही पर्याय ओळीनं दाबलेत: तो अंदाजानं ठोकतोय. दुसरी ०.३५ आणि ०.५ मध्ये दर वेळी ०.३५ मोठं म्हणते: ती ३५ आणि ५ ची तुलना करतेय. तिला आणखी २० गणितं देऊन काही होणार नाही, ०.५ च्या जागी ०.५० लिहून दाखवा. अशा मुलांचा छोटा गट कोलिब्रीतच करता येतो आणि धडा फक्त त्या गटाला देता येतो.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ वापरत असाल तर एक खोच आहे. त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली आणि नेटही नसलं, की तो जुन्याच वेळेपासून पुढे चालतो आणि नोंदींच्या तारखा मागे राहतात. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल जोडलं की प्रश्न मिटतो. मात्र अचानक लाइट गेल्यानं एसडी कार्ड खराब होऊ शकतं, त्यावर हा उपाय नाही. त्यासाठी दर शनिवारी डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह पायला लावून ठेवू नका.