हे कुठल्या प्रश्नाखाली सांगू?

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका फॉर्मवर 'रेस' (म्हणजे वंश) असा रकाना होता आणि मी पेन हातात धरून नुसती बसून राहिले, कारण तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी 'एशियन'वर टिक केली. पुढे कळलं की सरकारी आकडेवारीत आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना कुठल्याच रेसमध्ये धरत नाहीत, आमचा 'नॉनरेसिडेंट' म्हणून वेगळाच गठ्ठा असतो. आता पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि माझा विषयच हा आहे, कॉलेजातली मुलं स्वतःला कोण समजतात आणि त्यात रेस आणि जेंडरचा वाटा किती. फोनवर सगळे विचारता ना की तू नक्की करतेस काय, म्हणून आज नीट लिहितेय.

या चौकटी काही कायमच्या नाहीत बरं का. भगतसिंग थिंड (आपले शहीद भगतसिंग नव्हेत) पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने ते 'गोरे' नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारलं, मग १९७०च्या जनगणनेत भारतीयांना चक्क गोऱ्यांत मोजलं, आणि १९८०मध्ये 'एशियन इंडियन' अशी वेगळी चौकट आली.

पण मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. विद्यापीठांचे तक्ते बघितले तर एका ओळीत मुली किती, दुसऱ्या ओळीत ब्लॅक विद्यार्थी किती. इंजिनिअरिंगमधल्या ब्लॅक मुली किती हे विचारलं की बऱ्याचदा तो आकडा देतच नाहीत, कारण इतक्या कमी जणी असतात की आकड्यावरून माणूस ओळखू येईल. कारण खरंच रास्त आहे, पण होतं असं की ज्या सगळ्यात कमी आहेत त्याच कागदावरून गायब होतात.

हेच कोर्टातही झालंय. जनरल मोटर्सवर पाच ब्लॅक बायकांनी केस केली होती. कंपनीने १९६४च्या आधी ब्लॅक बायका घेतल्याच नव्हत्या, मग मंदीत 'शेवटी आलेले आधी बाहेर' या नियमाने लेऑफ झाले तेव्हा १९७०नंतर घेतलेल्या सगळ्या ब्लॅक बायका गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत (त्या गोऱ्या होत्या), म्हणजे बायकांवर अन्याय नाही, आणि रेसची तक्रार वेगळी करा, दोन्ही जोडून वेगळा वर्ग करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली या आणि अशाच केसेसवरून 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द मांडला, म्हणजे रेस आणि जेंडरचा अन्याय एकमेकांत मिसळून येतो, तो वेगळा काढता येत नाही. सोपं करून सांगायचं तर चौक. चौकात गाड्या चारी बाजूंनी येतात, आणि मधे उभ्या असलेल्याला धडक बसली तर ती एकाच रस्त्यावरून आली असं दरवेळी सांगता येत नाही.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मागच्या महिन्यात मुलाखत घेताना मीच चुकले. इंजिनिअरिंगची एक ब्लॅक मुलगी समोर होती आणि माझ्या यादीत आधी रेसचा प्रश्न, मग जेंडरचा. ती सांगत होती की ग्रुप प्रोजेक्टमध्ये सर्किटचं काम बाकीचे घेतात आणि रिपोर्ट लिहायचं तिच्याकडे येतं, आणि मग मधेच थांबून म्हणाली, "हे तुझ्या कुठल्या प्रश्नाखाली सांगू? मुलगी म्हणून दिलं की ब्लॅक म्हणून, मला माहीत नाही, आणि त्याचाच विचार करत माझा अर्धा दिवस जातो."

मला काही उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन ते दोन्ही प्रश्न काढून टाकले. आता फक्त एवढंच विचारते की लॅबमधला कालचा दिवस सकाळपासून सांग, आणि बोलणाऱ्याला मधे अजिबात तोडत नाही. जुन्या अकरा मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज परत ऐकायला घेतलीयत, कोण बोलत असताना मी 'बरं, आता पुढचा प्रश्न' म्हटलं ते लिहून काढतेय. चार ऐकून झाल्यात, आणि चारही जणींच्या बाबतीत मी तेच केलंय.