क्लबने पगार थकवला तेव्हा मी काय केलं (माझा अनुभव)

दोन-तीन पोरांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्लबचं नाव घेणार नाही, कोणी अंदाज लावला तरी हो-नाही म्हणणार नाही. मी कोल्हापूरचा फुटबॉल खेळाडू, लेफ्ट बॅक, तालमीच्या (म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या) टीममधून शाहू स्टेडियमवर खेळत मोठा झालो, नंतर गोव्यात दोन सीझन काढले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबने बोलावलं. दहा महिन्यांचा करार, महिना ७५ हजार. घरात पेढे वाटले.

तर ते ७५ हजार म्हणजे कसं, तर फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या नोंदणीची ऑनलाइन सिस्टीम) जो करार अपलोड झाला त्यात ५५ हजार, आणि उरलेले २० हजार एका साइड लेटरवर, क्लबच्या लेटरहेडवर, खाली मॅनेजरची सही आणि शिक्का. मी विचारलं असं का, तर म्हणाले अरे हे सगळीकडे असंच असतं, टॅक्सचं बघावं लागतं. मी सही केली. पुढे हेच २० हजार मला नडले.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर पगार वेळेवर. नोव्हेंबरचा आला नाही. मॅनेजर रोज हिंदीत एकच वाक्य, अगले हफ्ते पक्का. डिसेंबरही गेला. जानेवारीत एका मॅचआधी हॉटेलच्या खोलीत बोलावून प्रत्येकाच्या हातात पाकीट दिलं, माझ्यात ३० हजार, आणि एका रजिस्टरवर सही घेतली. आकड्याचा कॉलम मोकळा होता. मी ते बघितलं, बघून सही केली. घरभाडं क्लब भरायचा तेही थांबलं होतं, फ्लॅटमालक सकाळी सहाला बेल वाजवायचा, तेव्हा ३० हजार म्हणजे ३० हजार.

फेब्रुवारीत आम्ही १२ जणांनी ठरवलं की सकाळच्या प्रॅक्टिसला उतरायचं नाही. बूट घालून ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिलो. कोच सर आले, ओरडतील वाटलं, तर तेही येऊन आमच्या शेजारी बसले, कारण त्यांचाही पगार आमच्याइतकाच थकलेला. अर्धा तास कोणी बोललं नाही. दुपारी मालकांचा निरोप आला की ज्यांना खेळायचं नाही त्यांनी खोल्या मोकळ्या करा, आणि पुढच्या मॅचला त्यांनी अंडर-१९ ची पोरं उतरवली. पाच गोल खाल्ले. पण मॅच झाली ना, वॉकओव्हरचा प्रश्न मिटला, मालकांना तेवढंच पाहिजे होतं. त्या पोरांवर राग नाही, १८ व्या वर्षी मला सिनियर टीमची जर्सी दिली असती तर मीही घातली असती. नंतर वाचलं की १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एनएफएलच्या मालकांनी सेम हेच केलं होतं, खेळाडू संपावर गेले तर बदली खेळाडू घेऊन मॅचेस चालू ठेवल्या आणि संप २४ दिवसांत मोडला. तिकडे तर खेळाडूंची तगडी युनियन होती. आम्ही १२ जण, त्यातले पाच दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला.

आता मेन गोष्ट. आमच्यात घानाचा एक स्टॉपर होता. तो संपात बसला नाही, काही बोललाही नाही, आम्हाला वाटलं मालकांचा माणूस. तर त्याने त्याच्या एजंटमार्फत आधीच क्लबला लेखी नोटीस पाठवली होती. फिफाच्या ट्रान्सफर नियमांमध्ये १४ बिस म्हणून कलम आहे, २०१८ ला आलं, की निदान दोन महिन्यांचा पगार थकला आणि खेळाडूने लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत दिली, तरी पैसे आले नाहीत तर तो स्वतः करार तोडू शकतो, आणि तो योग्य कारणाने तोडलेला करार धरतात. त्याला मार्चच्या आत सगळे पैसे मिळाले. का, तर परदेशी खेळाडूचा वाद थेट फिफाकडे जाऊ शकतो, आणि तिथला निकाल लागून ४५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर क्लबवर नवे खेळाडू रजिस्टर करायची बंदी येते. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब म्हणजे देशांतर्गत मामला, तो दिल्लीत फेडरेशनच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे. एका ड्रेसिंग रूममध्ये शेजारी-शेजारी बूट काढणारे दोघं, पण दोघांची कोर्टं वेगळी. हे मला २७ व्या वर्षी कळलं, आणि तेही घानाच्या माणसाकडून.

त्याने मला त्याच्या नोटिशीचा मसुदा दिला. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडियालाही फोन केला, भारताचा माजी कॅप्टन भाईचुंग भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये झालेली खेळाडूंची संघटना, तिथून सांगितलं की आधी कागद गोळा कर, आणि कॅम्प सोडू नकोस, नाहीतर क्लब म्हणेल हाच पळून गेला. हा सल्ला लाखमोलाचा निघाला, कारण मी बॅग भरली होती.

३ मार्चला नोटीस टाकली. ईमेलने पण आणि रजिस्टर्ड पोस्टाने पण, पोचपावतीसह. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिने, वजा ३० हजार, १५ दिवसांत द्या. ते १५ दिवस मी रोज प्रॅक्टिसला गेलो, रोज मैदानावर फोटो काढून ठेवला. टीममध्ये नाव नाही, एकटाच कोपऱ्यात पळायचो. मॅनेजरने बाजूला घेऊन सांगितलं की एनओसी (दुसऱ्या क्लबकडे जायला लागणारं ना-हरकत पत्र) मिळणार नाही, आणि भारतीय फुटबॉल छोटं आहे, केस करणाऱ्याला कोण घेतं? दुसऱ्या दिवशी तोच गोड बोलत आला, म्युच्युअल टर्मिनेशनच्या, म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवल्याच्या कागदावर सही कर, ५० हजार आत्ता देतो. त्यात शेवटच्या ओळीत होतं की क्लबकडून माझं काहीही येणं नाही. दोघांनी केली त्यावर सही. त्यांना नावं ठेवत नाही, एकाची बहीण लग्नाची होती.

मुदत संपल्यावर २० मार्चला करार संपवल्याचं पत्र पाठवलं आणि कोल्हापूरला आलो. आण्णांनी एवढंच विचारलं, जेवलास का?

कोल्हापुरातल्या एका वकिलांनी आधी लेबर कोर्ट सुचवलं होतं, मग स्वतःच म्हणाले की खेळाडू कायद्याच्या व्याख्येत कामगार बसतो की नाही यावरच वर्षं जातील. म्हणून कमिटीच. एप्रिलमध्ये अर्ज गेला. करार, साइड लेटर, नोटीस, पोचपावत्या, बँक स्टेटमेंट, मैदानातले फोटो, मॅनेजरचे व्हॉट्सॲप मेसेज. आणि एक गोष्ट जी सीए मित्राने सुचवली, फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा हिशोब. क्लब पगारातून १० टक्के टीडीएस कापायचा. २६एएसमध्ये पहिल्या तीन महिन्यांचा टीडीएस दिसत होता आणि नोव्हेंबरपासून पाटी कोरी. म्हणजे पगार दिलाच नाही याचा पुरावा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपोआप तयार झालेला, आणि मी वर्षानुवर्षं ते कधी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

क्लबचं उत्तर आलं ते वाचून दोन दिवस झोप नाही. म्हणे जानेवारीत रोख १ लाख ३० हजार दिले. रजिस्टरची झेरॉक्स जोडलेली, आकडा भरलेला, खाली माझी सही. वाचलो कसा, तर त्याच रात्री मी मॅनेजरला मेसेज केला होता, सर ३० मिळाले, बाकीचे कधी, आणि त्याने त्यावर थम्स-अपचा इमोजी टाकलेला. फोन बदलताना बॅकअप घेतला नसता तर एक लाख बुडाले असते.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर, माझ्या वाट्याला वीसेक मिनिटं. क्लबच्या वकिलाने साइड लेटरवर झोड उठवली, हा कागद रजिस्टर्डच नाही, सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता. तिथे आमची बाजू ढिली पडली हे मला स्क्रीनवर पण कळत होतं. मग तारीख पुढे, परत पुढे. मधल्या काळात मी सकाळी एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायचो, तेवढ्यावर महिना निघायचा.

ऑगस्टमध्ये चक्र एकदम फिरलं. ट्रान्सफर विंडो, म्हणजे नवे खेळाडू घ्यायची मुदत, बंद व्हायला आठवडा होता, क्लबला नवीन खेळाडू रजिस्टर करायचे होते आणि क्लबच्या लायसन्ससाठी खेळाडूंची थकबाकी नाही हेही दाखवायचं होतं. पाच महिने फोन न उचलणारा मॅनेजर सकाळी साडेसातला कॉल करतोय, भाई कैसे हो! आधी १ लाख म्हणाले, मग दीड. वकील म्हणाले, थांब, घाई त्यांना आहे. शेवटी ५५ हजारांच्या हिशोबाने मार्चसकट पाच महिने, वजा ३० हजार, म्हणजे २ लाख ४५ हजारांवर लेखी तडजोड झाली, कमिटीपुढे ठेवलेली. साइड लेटरचे २० हजार सोडले. एप्रिल-मेचंही सोडलं. वकील म्हणत होते लढू, पण माझ्यात दम उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर विंडो बंद झाल्यावर त्यांनी परत फोन उचलला असता असं मला वाटत नाही.

तीन हप्ते ठरले. एक लाख सहीच्या दिवशी, एक लाख ऑक्टोबरमध्ये, ४५ हजार डिसेंबरमध्ये. तिन्ही आले, शेवटचा १९ दिवस उशिरा. त्यानंतर दोन क्लबांशी बोलणं झालं, एकाने स्पष्टच विचारलं तुझी काहीतरी केस होती ना, आणि परत फोन आला नाही. आता तालमीकडून खेळतो.

शेवटच्या हप्त्यातून साडेचार हजार टीडीएस म्हणून कापले होते. काल रात्री २६एएस उघडलं, ते अजून दिसत नाहीत. उद्या क्लबला मेल टाकतोय, पोचपावतीसाठी रजिस्टर्ड पोस्टाने पण.