सोप्याचा सोफा होतो तेव्हा : शाळेत युरोपचं प्रबोधन शिकवताना

आठवीच्या वर्गात 'प्रबोधन' शिकवायला घेतलं की पहिला घोटाळा शब्दापाशीच होतो. आपल्या मुलांच्या कानावर हा शब्द पडलेला असतो तो जोतीराव फुले आणि आगरकर यांच्या संदर्भात. त्यामुळे पंधराव्या शतकातलं फ्लॉरेन्सही त्यांना समाजसुधारणेची चळवळ वाटतं. म्हणून सुरुवातीलाच फळ्यावर तीन चौकटी काढाव्यात. इटलीत सुरू झालेलं रेनेसान्स, म्हणजे शब्दशः पुनर्जन्म. अठराव्या शतकातलं युरोपचं एन्लाइटनमेंट, त्याला ज्ञानोदय म्हणावं. आणि एकोणिसाव्या शतकातलं महाराष्ट्राचं प्रबोधन. यात पाच मिनिटं जातात, पण पुढचे कितीतरी गोंधळ टळतात.

दुसरा घोटाळा नावांच्या यादीचा. लिओनार्दो, मायकेलँजेलो, राफाएल, मॅकियाव्हेली अशी नावं पाठ होतात, परीक्षेत लिहिली जातात आणि दिवाळीपर्यंत विसरलीही जातात. या काळाचा गाभा नावांत नाही, तपासून पाहण्याच्या सवयीत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं मोजायचं, जुनी पोथी दुसऱ्या पोथीशी ताडायची, मोठ्या माणसाचं विधान स्वतःच्या हातानं पडताळायचं. मुलांनी हे स्वतः केलं तरच हा पाठ त्यांना कळतो.

आधी काळ. चार मीटर सुतळी भिंतीवर ताणा. 1250 ते 1650 ही चारशे वर्षं, म्हणजे एक वर्ष बरोबर एक सेंटीमीटर. कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावायची : युरोपची पांढरी, आपल्याकडची पिवळी. 1290 ची ज्ञानेश्वरी 40 सेंटीमीटरवर येते. आपलं महाकाव्य पूर्ण करून 1321 साली वारलेला दान्ते 71 वर. मध्ये अंतर फूटपट्टीएवढं. एकानं संस्कृतऐवजी मराठी निवडली, दुसऱ्यानं लॅटिनऐवजी तोस्कानाची बोली. वास्को द गामा कालिकतला पोचला ते 1498 साल 248 वर. 1630 चा शिवजन्म आणि 1633 चा गॅलिलिओवरचा खटला तीन सेंटीमीटरवर शेजारी. कार्डं मुलांनीच मोजून लावायची. शिक्षकानं लावून दाखवली तर सुतळी नुसती शोभेची होते.

मग 1453 चं कार्ड द्या. कॉन्स्टँटिनोपल पडलं, विद्वान इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झालं, असं उत्तर मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. हे कार्ड 203 वर, म्हणजे सुतळीच्या निम्म्यावर लागतं. त्याच्या डावीकडे काय काय लटकलंय ते मुलांनाच वाचू द्या : 1337 साली वारलेला चित्रकार जॉत्तो, 1374 साली वारलेला कवी पेत्रार्क, 1397 मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आलेला विद्वान क्रिसोलोरास, 1436 मध्ये पूर्ण झालेला फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरचा वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचा घुमट. 1453 मुळे येणाऱ्या विद्वानांची आणि हस्तलिखितांची भर पडली, सुरुवात झाली नाही, हे वाक्य मग वर्गातूनच येतं.

आता यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह : सपाट चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याची रीत. याला दोन तासिका द्याच, कारण इथे गणित आणि चित्रकला एकमेकांत मिसळलेली सरळ दिसतात. आल्बर्टी या इटालियन विद्वानानं 1435 मध्ये चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. ती खिडकीच बनवायची. ए-फोर आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. तो पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवून बाकावर उभा पक्का करा. त्याच्यापासून 30 सेंटीमीटरवर दुसरा पुठ्ठा उभा करा, त्याला डोळ्याच्या उंचीवर 5 मिलिमीटरचं भोक. समोर शाळेचा लांब व्हरांडा हवा. शहाबादी फरशीचा असेल तर फारच उत्तम, मात्र फरशी खरंच चौरस आहे का ते आधी मोजून घ्या. एक डोळा मिटायचा, दुसरा भोकाला लावायचा आणि दिसतात तशाच रेषा बारीक टोकाच्या परमनंट मार्करनं प्लास्टिकवर उतरवायच्या : फरशांच्या कडा, भिंतीच्या तळाची रेघ, तुळया, दारांच्या चौकटींचे माथे.

चुका ठरलेल्या असतात. भोकाचा पुठ्ठा न वापरता हनुवटी नुसती पुस्तकांच्या चळतीवर टेकवली की डोकं सरकतं आणि रेषा एकमेकींना जुळत नाहीत. दोन्ही डोळे उघडे राहिले की सगळं दुहेरी दिसतं. फळ्याचा मार्कर घेतला तर तळहातानं पुसला जातो. पाठीमागे खिडकी असेल तर प्लास्टिकवर तिचंच प्रतिबिंब पडतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलं दिसतं ते न काढता माहीत असलेलं काढतात. फरशी चौरस आहे हे ठाऊक असतं, म्हणून ती चौरसच उतरते. अशा वेळी बोलून उपयोग नाही. मुलाला पुन्हा भोकाशी बसवून त्या एकाच कडेवर पेनाचं टोक ठेवायला सांगा.

काढलेलं प्लास्टिक ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर ठेवून रेषा पट्टीनं लांबवल्या की व्हरांड्याच्या लांबीशी समांतर असलेल्या सगळ्या एका बिंदूत मिळतात. मग व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीवर भोकाएवढ्या उंचीवर खडूनं खूण करा. भोकातून पाहिलं तर तो बिंदू बरोबर त्या खुणेच्या उंचीवर बसतो. भोक वर-खाली केलं की बिंदूही वर-खाली होतो. नववीच्या मुलांना पुढची पायरी द्यावी : चौरस फरशांचे कर्ण लांबवा. ते बिंदूच्या डाव्या-उजव्या बाजूला, त्याच उंचीवर, प्लास्टिकच्या बाहेर भेटतात. मधल्या बिंदूपासून तिथवरचं अंतर मोजलं तर 30 सेंटीमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे डोळा आणि प्लास्टिक यांच्यात ठेवलं होतं तेवढंच. चित्रावरून चित्रकाराचा डोळा कुठे होता ते सांगता येतं, हे कळलेल्या मुलाला हा काळ वेगळा समजावावा लागत नाही.

त्यानंतरच लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'चा ए-थ्री प्रिंट बाकावर द्या आणि छताच्या रेषा लांबवायला सांगा. त्या येशूच्या उजव्या कानशिलापाशी मिळतात. मूळ भिंतीवर तिथे खिळ्याचं भोक सापडलेलं आहे. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'मध्ये हा बिंदू प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्या मधोमध येतो.

वेळ असेल तर ब्रुनेलेस्कीचा आरशाचा प्रयोगही करावा. त्यानं फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं चित्र काढून त्याला भोक पाडलं आणि चित्राच्या मागून, भोकातून, समोर धरलेल्या आरशात ते पाहिलं. आपण शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घेऊ. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानं, झूम न करता, फोन सरळ धरून फोटो काढा. फोटो साधारण 40 सेंटीमीटर रुंद छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि अगदी मधोमध भोक पाडा. आरसा निदान 20 बाय 15 सेंटीमीटरचा, समोर 15 सेंटीमीटरवर. जिथून फोटो काढला तिथेच उभं राहून आरसा मध्येच बाजूला केला की चित्राच्या जागी खरा दरवाजा येतो. छापताना फोटो डावा-उजवा उलटा करून घ्यायचा हे हमखास विसरलं जातं, आणि मग सगळं असून काही जुळत नाही.

भिंतीवरच्या चित्रांसाठी चुना हवा. किराणा दुकानातला विड्याचा चुना चालतो. कळीचा चुना वर्गात अजिबात आणू नये, पाणी पडताच तो उकळतो. गिलावा शिक्षकांनीच करायचा, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण चुना डोळ्यात गेला तर इजा होते. एक भाग चुना, दोन भाग चाळलेली बारीक वाळू. सपाट वीट अर्धा तास पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी शोषते आणि तडे जातात. थर 5 मिलिमीटर. अर्ध्या भागावर ओला असतानाच पाण्यात कालवलेल्या गेरूनं रंगवा. उरलेला अर्धा चार दिवस वाळू द्या आणि मग तोच गेरू लावा. आठ दिवसांनी दोन्हीकडे ओला कापूस फिरवायचा. ओल्यावर लावलेला रंग बहुतांशी टिकतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होताना रंगाचे कण धरून ठेवतो. वाळल्यावर लावलेला कापसावर येतो.

मुलं पिवळ्या रंगासाठी हळद मागतात. देऊन बघा. ओल्या चुन्यावर हळद लावली की लाल होते. घरात कुंकू कसं करायचे हे ज्यांच्या आजीला ठाऊक आहे, ती मुलं आधीच ओरडतात. इटलीतले चित्रकार मातीचे रंग का निवडत, याचं उत्तर त्या लाल डागात आहे. चुन्यात टिकणारे रंग मोजकेच.

मायकेलँजेलोनं सिस्टाइन चॅपलचं छत 1508 ते 1512 मध्ये ओल्या गिलाव्यावर रंगवलं. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज लावायचा, असं ते काम. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं. म्हणून 'द लास्ट सपर' त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि ते त्याच्या हयातीतच खराब व्हायला लागलं. विटेचे दोन भाग पाहिलेल्या मुलांना हे कारण सांगावं लागत नाही. अजिंठ्याच्या सहलीआधीही हा प्रयोग कामाचा आहे. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरची चित्रं, म्हटलं जातं, पण ती कोरड्या पृष्ठभागावर रंगवलेली आहेत. शिक्षकांनी तरी तो शब्द तिथे वापरू नये असं मला कळकळीनं वाटतं.

विचारवंत शिकवताना बहुतेक वर्ग मंदावतो. इथे पोथ्यांचा खेळ घ्या. साठ शब्दांचा उतारा हातानं लिहून तिघांना द्या. दोन मिनिटांत नक्कल, मग त्या प्रत्येक नकलेवरून आणखी दोघांनी. मूळ कागद आणि पहिल्या तीन नकला लपवायच्या आणि उरलेल्या सहा प्रतींवरून दुसऱ्या गटानं मूळ उतारा जुळवायचा. उताऱ्यात जुने शब्द मुद्दाम पेरा. 'वाड्याच्या सोप्यात बसले' असं लिहिलंत तर दोन-तीन प्रतींत हटकून 'सोफ्यात बसले' येतं. ओळखीचा नसलेला सोपा, म्हणजे वाड्यातली ओसरी, मुलांनी आपल्या घरातल्या सोफ्यानं बदललेला असतो. दोन पाठांत, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन रूपांत, अवघड शब्द असलेला पाठ बहुधा जुना, कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, उलट क्वचितच. आणि दोन प्रतींत तीच चूक असेल तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. हुशार मुलं नक्कल करताना शुद्धलेखन दुरुस्त करतात. त्यांना रागवू नका, 'सुधारलेली प्रत' म्हणून ती वेगळी ठेवा.

यासाठी पुण्याइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 एवढा काळ चालली, 1,259 हस्तलिखितं ताडून. आणि एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध केल्या, तेव्हा युरोपातही जुन्या ग्रंथांचे पाठ ताडले जात होते. ते पिवळं कार्ड सुतळीवर 334 सेंटीमीटरवर लावा.

लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानानं 1440 मध्ये दाखवून दिलं की पोपच्या सत्तेचा आधार मानलं जाणारं, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावचं दानपत्र बनावट आहे. चौथ्या शतकातल्या रोमच्या कागदात न शोभणारे शब्द त्यात होते, 'सत्रप' (इराणी सुभेदार) हा त्यातला एक. वर्गासाठी 1670 सालचं म्हणून एक बनावट पत्र लिहा. त्यात 'किलो' असा ढोबळ शब्द एखादाच ठेवा, नाहीतर खेळ दोन मिनिटांत संपतो. खरा सापळा विरामचिन्हांचा. शिवकाळातल्या मोडी पत्रात स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह नसतं, ही चिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात रुळली. हे पकडणारं एखादं मूल वर्गात निघतंच.

शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियस याच्यासाठी तर साहित्यही लागत नाही. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असं प्राचीन वैद्य गेलेननं प्राण्यांच्या शवविच्छेदनावरून लिहिलं आणि तेराशे वर्षं ते शिकवलं गेलं. व्हेसेलियसनं 1543 च्या ग्रंथात ते एकच हाड असल्याचं दाखवलं. मुलांना हनुवटीवरून बोट फिरवायला सांगा, सांधा लागतो का बघा. कोपर्निकसचा ग्रंथही त्याच वर्षीचा. दोन्ही कार्डं 293 वर, एकाच चिमट्यात.

मॅकियाव्हेली आणि थॉमस मोर आठवीला एका तासिकेत आटपावेत, अकरावीत ते जास्त चांगले कळतात. चाचणीत मात्र 'लिओनार्दोची चार चित्रे लिहा' असा प्रश्न नको. न पाहिलेलं एक चित्र छापून द्या आणि चित्रकाराचा डोळा किती उंचीवर होता ते पट्टीनं शोधायला सांगा. चित्र निवडताना फरशी किंवा तुळया स्पष्ट दिसणारं घ्या, निसर्गदृश्य दिलंत तर पट्टी ठेवायला रेषच सापडत नाही.